पथरानी टूर

"पथरा जोवा कोण जशे, दातारभाई?"

शेठनी हे विचारलं तेव्हा माझ्या सहलीचं पत्रक त्यांच्या हातात होतं आणि त्याच पत्रकाने ते वारा घेत होते. दगड बघायला कोण जाणार? प्रश्न रास्त होता. सुरत स्टेशनसमोरच्या आमच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून तोवर ज्या बसगाड्या सुटायच्या त्या देवाला सुटायच्या. डाकोर, द्वारका, शिर्डी, वणी. देव असला की बस भरते हा शेठचा सिद्धान्त होता आणि तो दरवर्षी खरा ठरत होता. मी मात्र पत्रकात लिहिलं होतं : जुने किल्ले, चर्च, युद्धस्मारकं. पाच दिवस. दिवाळीची सुट्टी.

तेव्हा मी तिशीचा होतो आणि डोक्यात वारं शिरलेलं होतं. "एक बस द्या," म्हटलं. "नाही भरली तर जन्मभर द्वारका करीन." शेठनी मला सगळ्यात खटारा बस दिली, ड्रायव्हर म्हणून कानजीभाई दिले आणि वर बजावलं, "वच्चे एकाद मंदिर नाखजो." मध्ये एखादं देऊळ टाका. मी हट्टाने टाकलं नाही.

बस भरली. का भरली ते कळायला मला प्रवासाचे दोन दिवस लागले. दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, सुरतेत लूमची, यंत्रमागांची, खाती बंद असतात. नवागाम आणि बमरोलीकडच्या खानदेशी मंडळींनी पत्रकात थाळनेरच्या किल्ल्याचं नाव पाहिलं, थाळनेर म्हणजे धुळ्याकडे, म्हणजे आपल्या मुलखात, एवढा हिशेब केला आणि बसचं तिकीट काढलं. किल्ला त्यांना वर फुकट मिळाला. उरलेल्या जागा शाळामास्तर, पोस्टातले, बँकेतले. सहासष्टची ती दिवाळी. तेव्हापासून आमच्या धंद्यात त्या सहलीला 'पथरानी टूर' हेच नाव पडलं आणि पुढे बारा वर्षं मी ती दर दिवाळीला चालवली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे फुकट फिरणारा, फुकट खाणारा, वर पगार घेणारा. तसं असतं तर मी आज इतका पिकलो नसतो. मॅनेजरचं खरं काम मुंडकी मोजायचं. बस थांबली की मोजायची, सुटायच्या आधी मोजायची, सुटल्यावर पुन्हा मोजायची, कारण मधल्या वेळात कुणीतरी चप्पल विसरली म्हणून उतरलेलं असतं. दुसरं काम पुढच्या सीटचं भांडण मिटवण्याचं. ज्याला बस लागते तो पुढे, हा नियम केला की बसमधल्या निम्म्या लोकांना बस लागायला लागते. आणि तिसरं, सगळ्यात मोठं काम म्हणजे बायकांची सोय बघण्याचं. किल्ला कितीही अवाढव्य असो, जवळपास पाणी आणि आडोसा नसेल तर माझ्या लेखी तो कुचकामी. इतिहास या सगळ्यानंतर, वेळ उरला तर.

आणि वेळ उरला की भीती. कारण तेव्हा लोक प्रश्न विचारतात. या धंद्यातल्या जुन्या खोडांनी मला पहिल्याच दिवशी कानमंत्र दिला होता : मॅनेजरने 'माहीत नाही' म्हणायचं नाही. एकदा म्हटलं की बस हातातून गेली. मी हा मंत्र मनापासून पाळला. बुरूज का पडला? वीज पडली. ही खोली कसली? राणीची. हा जिना कुठे जातो? भुयारात. आणि भुयार? थेट नदीपर्यंत. सुरतेपासून थाळनेरपर्यंत मी इतकी भुयारं खणली आहेत की त्यांतून एखादी रेल्वे गेली असती. पहिल्या सहलीत राजाध्यक्ष नावाचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. वही घेऊन हिंडायचे. वसईच्या किल्ल्यात त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "दातार, दमणच्या राणीनेही भुयारातूनच पळ काढला होता ना?" मी म्हटलं, "त्या बहिणी होत्या." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं की नाही, मला ठाऊक नाही.

दमणचं तर विचारूच नका. आमचं गुजरात कोरडं आणि दमण ओलं. मोटी दमणच्या किल्ल्यात दोन जुनी चर्च आहेत, लाकडावरचं कोरीवकाम बघत राहावं असं. बायका दारात चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन आत गेल्या. एकीने प्रदक्षिणेची वाट विचारली. म्हातारे पाद्री हसले आणि त्यांनी तिला बाकांच्या कडेने हाताने वाट दाखवली. असं सगळं छान चाललेलं. बाहेर येऊन मोजतो तर नऊ मुंडकी कमी. सगळी पुरुषांची. तासाभराने एकेक उगवायला लागलं. "कुठे होता?" "चर्च बघत होतो." "कोणतं?" "बंद होतं." कानजीभाईंनी नऊच्या नऊ जणांना मागच्या सीटवर बसवलं आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि लोकांना तेच आवडतात. पण मला लिहायचंय ते गोजरमायचं. ती त्याच पहिल्या बसमध्ये होती.

गोजरमाय साठी उलटलेली, खानदेशातल्या एका लहानशा गावातली. गावाचं नाव लिहीत नाही, तिच्या सासरची माणसं अजून तिथे आहेत. ती नवागामला पुतण्याकडे राहायची. पुतण्या आत्माराम लूमवर कामाला. त्याने तिला सहलीला आणलं कारण घरी एकटी कुठे ठेवायची. काटकुळी बाई, नऊवारी लुगडं आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, "बसराले गयेल शेतस." बसऱ्याला गेलेत. जसा काही मागच्या आठवड्यात गेला होता. तो गेला होता पहिल्या महायुद्धात, मजुरांच्या पलटणीत, आणि ही तेव्हा दहा वर्षांची होती.

सहलीचं पहिलं स्थळ आमच्या घराजवळचंच. सुरतेचा नदीकाठचा किल्ला बाहेरून दाखवायचा, कारण आत तेव्हा सरकारी कचेऱ्या होत्या, आणि मग कतारगाम दरवाज्याशी इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या कबरी. घुमट, खांब, एखाद्या नवाबाला शोभतील अशा. सुरतकरही तिथे सहसा जात नाहीत. मी एका दगडावरचं नाव वाचून दाखवलं, कोणा साहेबाच्या पोराचं. गोजरमाय पदर सावरत पुढे आली.

"भाऊ, हाऊ मरीसन किती वरीस झायात?"

"तीनशे असतील."

"आनि नाव आजून शे?"

"आहे ना. हे काय."

तिने दगडावरून हात फिरवला. मग मला विचारलं, "बसराले गयेल मानूसनं नाव कोठे ऱ्हास?"

मला माहीत नव्हतं. पण पुण्याकडे एका गावात मी एकदा युद्धाची पाटी पाहिली होती, एवढं आठवलं, आणि माझं तोंड आपोआप चालू झालं. "त्याच्या गावात असतं. सरकारने दगड बसवलेत. त्यावर प्रत्येकाचं नाव कोरलंय."

"मन्हा गावले शे तसा दगड. चावडीना भिताडले. सायेबना दगड म्हन्तस." ती थांबली. "त्यावर त्यासनं नाव शे?"

"असणारच."

चाळीस वर्षं ती त्या गावात नांदली होती, पण सुनेने चावडीची पायरी चढायची नाही, वरच्या अंगाने डोकं खाली घालून जायचं, अशी रीत. दगड इंग्रजीत, गावात इंग्रजी येणारं कोण? तिने तो जवळून कधी पाहिलाच नव्हता. माझं 'असणारच' घेऊन ती बसमध्ये जाऊन बसली. मी पुढच्या कबरीची राणी सांगायला लागलो.

पुढच्या दिवाळीला, बुकिंग उघडलं त्या पहिल्या दिवशी, आत्माराम ऑफिसात आला. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा त्याचा स्वभाव. थेपल्यांचा विषय निघाला, बसच्या वेळेचा निघाला, मग म्हणाला, "काकू म्हन्ते, बस तिच्या गावावरून न्याल का? थाळनेरपासून पाच-सहा मैल आत आहे." मी विचारलं, कशाला? तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

गोजरमायचा नवरा परत आला नाही. त्याच्या भावाने, म्हणजे तिच्या दिराने, आत्मारामच्या दुसऱ्या काकाने, गावभर करून ठेवलं की तो मेलाबिला नाही, पळाला. बसऱ्यात नाहीतर मुंबईत दुसरी बाई करून राहिला. तेव्हापासून पन्नास वर्षं ती गावात विधवा नव्हती आणि सवाष्णही नव्हती. टाकलेली बाई होती. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे नाहीत आणि कुंकू लावते म्हणून हसायचेही. तिच्या दृष्टीने त्या दगडावर नाव असेल तर तिचा माणूस पळाला नव्हता, लढाईत मेला होता. एवढंच तिला हवं होतं. "नाव वाचून दाखवलं की त्याच पायरीवर कुंकू पुसीन म्हन्ते," आत्माराम म्हणाला.

आता तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "नेऊ की बस."

गेलो. सदुसष्टची दिवाळी. कानजीभाईंनी बैलगाडीच्या चाकोरीतून बस घातली आणि पूर्ण पाच मैल माझ्या घराण्याचा उद्धार केला. चावडीवर पाचसहा म्हातारे बसले होते. त्यांतला एक तिचा दीर. भिंतीत हातभर पांढरा दगड, त्यावर चुन्याचे ओघळ. मी पुसून वाचला. या गावातून एकोणीस माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी चौघांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नव्हतं.

पन्नास माणसं माझ्यामागे उभी. गोजरमाय पायरीशी, डोक्यावर पदर. "वाच ना भाऊ."

आजही सांगताना लाज वाटते, पण सांगतो. मी आत्मारामच्या कानाशी लागलो, "काकांचं नाव काय?" तो कुजबुजला, "आमचा बाप त्यांना भुरा म्हने." मी दगडावर बोट ठेवलं आणि घसा खाकरून वाचलं, "भुरा. राहणार याच गावचे. युद्धात कामी आले." मागे एका बाईने डोळ्यांना पदर लावला. राजाध्यक्ष याही वर्षी आले होते आणि त्यांना इंग्रजी येत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि झाडाकडे बघत राहिले.

गोजरमाय म्हणाली, "हाई त्यासनं नाव नई."

माझं बोट दगडावरच होतं.

"भुरा म्हनीसन घरमा हाका मारेत. सरकारमा खरं नाव दिन्हं व्हतं. ते वाच."

या बाईने जन्मात ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. म्हणून कुणाला वाटलंच नाही की ते तिच्यापाशी असेल. मी आत्मारामला विचारलं, तिला विचारलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"नाव नाही, माय," मी म्हटलं. "कुणाचंच नाही. नुसता आकडा आहे. एकोणीस गेले, चार मेले."

"मंग तू मांगला साल काय सांगं?"

"खोटं सांगितलं."

चावडीवरून दीर हसला. "मी म्हनत व्हतू ना? पळी गया तो!"

ती वळली. बसमध्ये जाऊन बसली. परतीच्या वाटेवर सोनगढचा किल्ला होता. सगळे चढून गेले, ती उतरली नाही, म्हणून मीही गेलो नाही. बारा वर्षांत किल्ल्याच्या पायथ्याशी बसून राहिलो तो तेवढाच दिवस. बऱ्याच वेळाने ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "भाऊ, त्या चारमा शेतस का पंधरामा, इतलंच माले सांग."

"सांगतो," मी म्हटलं. या वेळी मी ते ठोकून दिलं नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचं हे ठरलं होतं.

सुरतेला आल्या आल्या मी टाइपरायटरला कागद लावला. सैन्याच्या कोणत्या कचेरीत जुनी दप्तरं असतात ते विचारत विचारत तीन कचेऱ्यांना लिहिलं. गाव अमुक, तालुका अमुक, मजूर पलटण, बसरा. दोन कचेऱ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. तिसरीने एका ओळीचं उत्तर दिलं : नाव कळवावे. मी भुरा कळवला. उत्तर आलं, या नावाचा मनुष्य नाही. दिराला पत्र घातलं. त्याचं उत्तर आत्मारामने आणलं, "पळेल मानूसनं काय नाव?" तेव्हा आता एकच दार उरलं होतं. आत्मारामच्या बायकोने तिच्यापाशी सगळे प्रकार करून बघितले. गणपतीचं नाव आहे का, नदीचं आहे का, कोणत्या अक्षरापासून. गोजरमाय मान हलवायची नाही की ओठ उघडायची नाही.

आणि एका दुपारी ती स्वतःच ऑफिसात आली. एकटी, नवागामहून चालत. शेठ फोनवर द्वारकेचं बुकिंग घेत होते. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. मी सरकारी अर्ज पुढे ओढला. पहिलाच रकाना नावाचा.

"माय, नाव सांगितल्याशिवाय पुढे जात नाही."

"माले माहीत शे." ती बराच वेळ बोटांनी लुगड्याचा काठ चाचपत होती. "भाऊ, कुंकूवाली बाई नाव लेस ते उखानामा लेस. रांडमुंड बाई लेत नई. मी कोन शे तेच माले माहीत नई. कसं लेऊ?"

 माझ्या सगळ्या राण्या आणि भुयारं तिथे संपली.

मग ती उठून उभी राहिली. पदर डोक्यावरून नीट घेतला. "आज कुंकू शे," म्हणाली. "आज लेस." आणि भिंतीवरच्या द्वारकाधीशाच्या कॅलेंडरकडे तोंड करून, मोठ्याने नाही पण स्वच्छ, म्हणाली :

"तापीना पानीले समिंदरनी वाट,
सुपडूनं नाव लेस, देखी पन्नास वरीस वाट."

मी टाइप केलं. सुपडू लहानू. वडिलांचं नाव तिने सरळ सांगितलं, त्याला उखाणा लागत नाही. ती गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की शेठनी फोन केव्हाच खाली ठेवला होता.

"शुं बोल्यां ए बा?"

मी त्यांना गुजरातीत सांगितलं. शेठ देवभोळे, हिशेबी, आणि माझ्या टूरला दरवर्षी नावं ठेवणारे. ते म्हणाले, "सादा कागळ पर नहीं. आपणा लेटरहेड पर लखो." मी पुन्हा टाइप केलं, ऑफिसच्या लेटरहेडवर.

एवढं करून उत्तर येईपर्यंत अडुसष्टचा पूर आला. सुरती लोक पुराला 'रेल' म्हणतात. मी नवा होतो तेव्हा "रेल आवी, रेल आवी" ऐकून पिशवी घेऊन स्टेशनावर पळालो होतो, ते ऐकून ऑफिस महिनाभर हसत होतं. अडुसष्टची रेल हसण्यासारखी नव्हती. आमच्या ऑफिसात छातीभर पाणी. ओसरलं तेव्हा फायलींचा लगदा झालेला, अर्जाची प्रत गेली, कचेरीच्या पत्राचा नंबर गेला. पण नाव गेलं नाही. फाइल वाहून जाते, उखाणा कसा वाहून जाईल? चिखल उपसून झाल्यावर, टाइपरायटर तेलपाणी करून चालू झाला तसं पहिलं पत्र मी तेच लिहिलं. मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक. कचेरीतल्या कारकुनाने मला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल, मला कल्पना आहे. मीही ऑफिसात दर महिन्याला पत्रं लिहिणाऱ्या लोकांना तेच म्हणतो.

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात लिफाफा आला. मी तो घेऊन नवागामला गेलो. आत्मारामच्या खोलीत शेजारच्या लूमचा खडखडाट इतका की ओरडूनच वाचावं लागलं. सुपडू लहानू, गाव अमुक, मजूर पलटण. बसऱ्याच्या लष्करी इस्पितळात तापाने मृत्यू.

मला वाटलं होतं, ताप ऐकून ती खट्टू होईल. गोळी नाही, लढाई नाही. ती म्हणाली, "ताप उना." एवढंच. जरा वेळाने विचारलं, "जवळ कोन व्हतं?"

पत्रात ते नव्हतं. जिभेवर मात्र होतं. गावचाच एक माणूस होता, त्याने शेवटचं पाणी पाजलं, तुझं नाव घेतलं. सगळं तयार होतं, एका श्वासात सांगता आलं असतं, आणि तिला बरंही वाटलं असतं.

"माहीत नाही, माय," मी म्हटलं.

धंद्यात शिरल्यापासून हे दोन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले. गोजरमायने माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. "मंग बाकीनं खरं शे," ती म्हणाली.

कुंकू तिने तिथे पुसलं नाही. म्हणाली, गावात. त्या दिवाळीला कानजीभाईंना रस्ता सांगावा लागला नाही, ते आपणहून वळले. चावडीवर दीर होताच, दोन वर्षांत आणखी वाकलेला. गोजरमाय या वेळी पायरीशी थांबली नाही. चार पायऱ्या चढून, पुरुषांच्या मधून जाऊन, दगडाशी उभी राहिली. मी कागद उघडला, वाचायला लागलो.

"जोरमा वाच," ती म्हणाली. "त्यासले कमी ऐकू येस."

मी जोरात वाचलं. दिराने कानाला हात लावला. मी त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आत्मारामने तिसऱ्यांदा अहिराणीत सांगितलं. म्हातारा जागेवरून उठला आणि वहिनीला बसायला जागा करून दिली. ती बसली नाही. पदराच्या टोकाने तिने कपाळ पुसलं. आमच्या बसमधल्या बायका हुंदके देत होत्या. माझंही काही ठीक नव्हतं. ती मात्र रडली नाही. पन्नास वर्षं तिला कुणी हे करू दिलं नव्हतं, आणि आता ती ते ताठ उभी राहून करत होती. मला तिचा इतका अभिमान कशाचा वाटावा, मी तिचा कोण, पण वाटला.

मला वाटलं, झालं. मी घड्याळ बघितलं, थाळनेरचा किल्ला राहिला होता. तेवढ्यात तिने दगडावर तळवा ठेवला, कतारगामला साहेबाच्या पोराच्या दगडावर ठेवला होता तसाच.

"भाऊ, चार मरेल शेतस ना?"

"हो."

"मंग बाकीना तीन कोन?"

 त्या तीन घरांतही कुणीतरी कुणाची तरी वाट बघितली असेल, कुणीतरी म्हटलं असेल पळाला. "हाईबी माहीत नई ना तुले?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. "मंग पाह्य," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

माझ्या नोकरीची उरलेली वर्षं त्या एका 'पाह्य'पायी, म्हणजे शोधण्यात, गेली. सत्तरपासून पथरानी टूर दर दिवाळीला त्या गावावरून जाऊ लागली. भुयारं मी बंद केली. राजाध्यक्षांनी तर तक्रार केली की पूर्वी जास्त मजा यायची. कुणी काही विचारलं आणि येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायला लागलो आणि बस हातातून गेली नाही. दुसरं नाव एका म्हातारीकडून मिळालं, तेही उखाण्यातच. तिसरं तापीपलीकडच्या एका गावात लग्न होऊन गेलेल्या नातीकडून. दोन्ही नावांची पत्रं आली, दोन्ही मी चावडीवर मोठ्याने वाचली. गोजरमाय दुसऱ्या नावापर्यंत होती. तिसऱ्याला नव्हती.

शेठ गेले, कानजीभाई गेले, मी निवृत्त झालो. बस आता देवालाच जाते. शेवटच्या सहलीत, अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीला, मी दगडापाशी तीन नावं वाचली आणि चौथ्याशी थांबलो. एका प्रवाशाने विचारलं, "आणि चौथा?"

माहीत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. तापीकाठच्या कुणा घरात, बसऱ्याला गेलेल्या आणि पळाला म्हणून नाव टाकलेल्या माणसाची गोष्ट ऐकली असेल, तर मला कळवा. पुरुषांना विचारू नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि तिला घाई करू नका. नाव मिळालं की मी त्या चावडीवर जाऊन वाचीन. बस भरली नाही तरी चालेल, एसटीने जाईन.